‘थिंग्ज फॉल अपार्ट’ आणि जालन्याजवळचे बेथेल

चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. उमुओफिया गावातला नामांकित मल्ल ओकोन्क्वो हा तिचा नायक. परकी सत्ता आली आणि सुखी गाव मोडले, असा तिचा सारांश पुष्कळदा सांगितला जातो. तो अपुरा आहे. निम्म्याहून अधिक कादंबरीत गोरा माणूस गावात आलेलाच नाही. सुरणासारख्या याम कंदाची शेती, मुखवटे घातलेल्या पूर्वजांपुढे होणारा न्यायनिवाडा, पाहुण्यापुढे फोडले जाणारे कोला फळ हे सारे अचेबे जिव्हाळ्याने रंगवतात. पण जुळी मुले जन्मताच रानात टाकली जातात, हेही ते लपवत नाहीत. ओकोन्क्वोच्या घरी मुलासारखा वाढलेला इकेमेफुना देववाणीच्या हुकमाने मारला जातो. शेवटचा घाव खुद्द ओकोन्क्वो घालतो. त्याचा मुलगा न्वोये मनाने गावापासून तुटतो तो तेव्हाच. चर्चमध्ये तो फार नंतर जातो.

मिशनरी म्बांता गावात जागा मागतात, तेव्हा वडीलधारे त्यांना देवी आणि महारोगाने मेलेल्यांना टाकण्याचे ‘दुष्ट रान’ देऊन टाकतात. २८ दिवसांत हे लोक मरणार, अशी गावाची खात्री असते. ती मुदत टळते आणि न्नेका नावाची गरोदर बाई चर्चमध्ये येते. तिची चार बाळंतपणे जुळ्यांची झालेली असतात आणि प्रत्येक वेळी बाळे फेकून दिलेली असतात. तिच्यामागून ओसू येतात. देवाला वाहिलेल्या या लोकांना वेगळी वस्ती, बेटीबंदी आणि मरणानंतर तेच रान. परंपरेने ज्यांना बाहेर काढले होते, त्यांच्याच वाटेने नवी सत्ता आत आली, हे अचेबे यांचे सर्वांत धीट निरीक्षण आहे.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे परके वाटायला नको. आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईला १८०३ साली इंग्रजांनी मराठी फौजांचा पराभव केला; पुढे जालन्यात छावणी वसली. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण नारायण शेषाद्री पुढे जालन्यातच मिशनरी म्हणून आले. त्यांनी शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारली आणि तिच्यात मुख्यतः मातंग कुटुंबे आली. म्बांतातील ओसूंची आठवण इथे अटळ आहे. फरकही मोठा आहे. इथला मिशनरी मराठी होता आणि जमीन निजामाच्या राज्यातली होती. गोरा आणि काळा एवढ्या दोनच बाजू मांडून इथली हकिकत उलगडत नाही.

परंपरेच्या आतूनही वाद झाले. नारायण यांचा मिशनऱ्यांकडे गेलेला धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिले. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले आणि त्यांनी मुंबईच्या सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. ओकोन्क्वोजवळ मात्र अशी लवचिकता नाही. त्याचा मित्र ओबिएरिका रूढीच्या क्रौर्याबद्दल मनाशी प्रश्न विचारतो. गावाच्या सभेत ते मांडत नाही.

अखेरीस सत्ता चर्चपुरती राहत नाही. उमुओफियाच्या सहा पुढाऱ्यांना बोलणीच्या निमित्ताने बोलावून कैद केले जाते. दंड २०० पोती कवड्यांचा ठरतो. कोर्टाचे शिपाई गावाकडून २५० उकळतात. ओकोन्क्वो एका शिपायाला ठार करतो आणि गळफास घेतो. जिल्ह्याचा गोरा अधिकारी आपल्या नियोजित पुस्तकात या मरणाला एक परिच्छेद पुरेल, असा हिशेब करतो. बेथेलची माहितीही बरीचशी मिशनऱ्यांच्या वृत्तांतांतूनच मिळते. त्या वस्तीत राहायला गेलेल्या मातंग बायकांनी गाव का सोडले, याचे उत्तर त्या वृत्तांतांत मिशनऱ्यांच्या शब्दांत येते.