कपाटाचे कुलूप आणि पोरांचे हात

(विहाराच्या वर्धापनदिनी संगमेश्वर येथे केलेले भाषण)



वर्धापनदिन म्हटला की धम्मध्वज, वंदना, गुणवंत मुलांचा सत्कार, भोजनदान हे सगळे होतेच, आणि व्हायलाही पाहिजे. पण आज आम्ही तुमच्यापुढे एक साधाच विषय घेऊन उभे आहोत. आपली पोरं ज्या शाळेत जातात, त्या शाळेतली लायब्ररी.

आज घरी गेल्यावर पोराला विचारा, "बाळा, शाळेत लायब्ररी आहे का?" तो म्हणेल, "आहे की. कपाट आहे." "मग त्यातलं कुठलं पुस्तक वाचलंस?" बघा काय उत्तर येते ते.

आम्ही अशा एका शाळेत गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. गुरुजी सज्जन. चावी शोधून त्यांनी कपाट उघडले. खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांना वाळवी लागलेली, वरच्यांना पावसाळ्याची बुरशी. आम्ही म्हणालो, "गुरुजी, पोरांना देत का नाही?" ते म्हणाले, "डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. एक पुस्तक हरवलं तर भरून कोणी द्यायचं?" आता त्यांचेही खोटे नाही. पण वाळवीने खाल्ले तर चालते आणि पोराने हरवले तर चालत नाही, हा कुठला हिशेब?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके पाहिजेत, असे लिहून ठेवले आहे. ग्रंथालयशास्त्राचे मोठे अभ्यासक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम मांडले. त्यातल्या पहिल्याचा अर्थ एवढाच, की पुस्तक ही जपून ठेवायची चीज नव्हे, ती हाताळायची चीज आहे.

आपल्याला तर हे परक्याने सांगायला नको. विद्यार्थीदशेत भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथे केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर गेली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे १९५६ साली नागपूरला काय घडले ते जगाला ठाऊक आहे. ते पुस्तक कोणाच्या कपाटात कुलपात राहिले असते तर?

आपण रोज वंदनेत धम्माचे गुण म्हणतो. त्यात एक शब्द येतो, एहिपस्सिको. ये आणि पाहा. कालामांनाही भगवंतांनी हेच समजावले, की ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. मग आपल्या पोरांची लायब्ररीसुद्धा 'ये आणि पाहा' म्हणणारी पाहिजे. त्याच्यापुढे आम्ही एक जोडतो. ये, पाहा आणि करून पाहा.

करून पाहायचे म्हणजे काय? आपलेच उदाहरण घ्या. शास्त्री आणि सोनवीच्या संगमावर आपले गाव. पुराचे पाणी बाजारात शिरते ते आपण लहानपणापासून बघतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, असे पोर पुस्तकात पाठ करते. पण तीन हजार मिलिमीटर म्हणजे किती? पडलेले पाणी कुठेही न जाता उभे राहिले असते, तर जवळजवळ दहा फूट! हे पोराला कळायचे तर लायब्ररीत एक कोपरा पाहिजे. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा, बाहेरून मोजपट्टी चिकटवायची. बाटलीचे बूड सपाट नसते, म्हणून शून्याच्या खुणेपर्यंत आधी पाणी भरावे लागते. ही अडचण पोराला पुस्तक सांगत नाही, त्याचा हात सांगतो. मग रोजचा आकडा वहीत लिहायचा, पेपरातल्या तालुक्याच्या आकड्याशी ताडून बघायचा, फरक आला तर का आला ते शोधायला पुन्हा पुस्तक उघडायचे.

हे काही आमच्या डोक्यातले खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांची बालवाडी चालवली. महागडी साधने नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे यांतूनच शिकवले. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथे पोरं वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती करता करता शास्त्र शिकतात. अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे घेऊन पोरांना भूमिती हातात दिली. आता परदेशात वाचनालयातच हत्यारे, यंत्रे ठेवून लोकांना वस्तू बनवू देतात.

आता एक शंका इथल्या जाणत्या माणसांच्या मनात आली असेल, आणि ती यायलाच पाहिजे. "आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानेच कामे केली. बाबासाहेबांनी पोरांच्या हातात पुस्तक दिले. तुम्ही पुन्हा हातोडी देता?" ही शंका खोटी नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी सरकारने योजना आणली होती, की पोराने थोडा वेळ शाळेत यावे आणि उरलेल्या वेळात आईबापाचा धंदा शिकावा. म्हणजे चांभाराच्या पोराने चांभारच व्हायचे. पेरियार आणि इतरांनी रान उठवले, आणि १९५४ साली ती योजना रद्द झाली. ते बरोबरच झाले.

पण आमचा अनुभव ऐका. गिरणीत आम्ही साच्यावरचे काम जॉबरच्या बाजूला उभे राहून शिकलो. धागा तुटायच्या आधी हाताला कळायचे, साचा बिघडायच्या आधी कानाला कळायचे. त्याच साच्याचे पुस्तक होते, आकृत्यांसकट. पण ते ऑफिसातल्या कपाटात, आणि इंग्रजीत. आमच्या हातात साचा होता, पुस्तक नव्हते. ज्यांच्याकडे पुस्तक होते त्यांच्या हाताला कधी तेल लागले नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीचे मर्म उघडे केले, ते हेच. जातीने कामाबरोबर काम करणारी माणसेही एकमेकांपासून तोडली. म्हणून आम्ही म्हणतो, पाना आणि पुस्तक एकाच टेबलावर पाहिजेत, आणि सगळ्या जातींच्या पोरांसाठी पाहिजेत. ब्राह्मणाच्या पोरीने पाना धरावा, आपल्या पोरीने त्या यंत्राचे पुस्तक वाचावे, आणि मग दोघींनी अदलाबदल करावी.

हे करायला इमारत लागत नाही. कपाटाची दारे काढा, नाहीतर निदान कुलूप काढा. पोराचा हात पोचेल अशा फळ्या लावा, पण खालची फळी पुराच्या खुणेच्या वर असू द्या. पुस्तकाचे तोंड पोराकडे ठेवा. टेबले हलकी घ्या, म्हणजे सकाळी सतरंजी टाकून वाचन, दुपारी त्याच खोलीत टेबले जोडून काम, आणि संध्याकाळी आईबापांनाही येऊन बसता येईल. एका भिंतीला खालपर्यंत काळा रंग द्या, पोरं तिच्यावर आकृत्या काढतील. भिंग, लोहचुंबक, तराजू, पाना, कात्री एवढ्याने सुरुवात होते. पावसाळा संपला की पुस्तकांना ऊन दाखवायचे काम पोरांनाच द्या.

मागायचे कुठे? त्याच २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक पाहिजेत, निम्म्या महिला पाहिजेत, आणि आपल्यासारख्या वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा पाहिजेत. माझ्या भगिनींनो, सभेची नोटीस आली की नुसती सही करून परत पाठवू नका. जाऊन बसा आणि विषय मांडा.

शेवटी गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर आपणच दिले पाहिजे. हरवलेले पुस्तक कोणी भरायचे? आम्ही सुचवतो, विहाराने भरायचे. प्रत्येक घराने वर्षाला एका पुस्तकाचे पैसे या कामासाठी बाजूला काढावेत. गुरुजींना जाऊन सांगावे, "तुम्ही बिनधास्त द्या. हरवले, भिजले, फाटले तर आम्ही नवे आणून देऊ." मग त्यांच्या हातात चावी धरून ठेवायला कारण उरणार नाही.

पुढच्या वर्धापनदिनाला गुणवंतांचा सत्कार कराल, तेव्हा त्यांच्याबरोबर त्या पोरालाही पुढे बोलवा, ज्याने सर्वांत जास्त पुस्तके हाताळून मळवली. त्याला हार घालायला आम्ही स्वतः येऊ.

एवढे बोलून थांबतो. जयभीम! नमो बुद्धाय!