जस्ताचा आकडा कुणाच्या वावराचा?

(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषण)



चुलीत मीठ पडले की जाळ पिवळा होतो, मोरचूद पडले तर हिरवा. धातू तापला की आपल्या ठरलेल्या रंगाचा उजेड टाकतो. याच खुणेवरून जर्मनीत बुन्सेन आणि किरखॉफ यांनी १८६० साली सीझियम हा नवा धातू हुडकला. आज मोठ्या प्रयोगशाळांत चुलीच्या जागी आरगॉन वायूची सहा हजार अंशांवरची ज्योत असते. मातीचा अर्क तिच्यात फवारतात आणि कोणत्या रंगाचा उजेड किती, यावरून जस्त, लोह, तांबे, मंगल मोजतात.

एवढे बारीक मोजायचे कशाला? दहा लाख भाग मातीत पिकाला घेता येईल असे जस्त ०.६ भागापेक्षा कमी असले की कमतरता धरतात. एकराच्या वीतभर थरात माती सुमारे नऊ लाख किलो. म्हणजे अख्ख्या एकरात अर्ध्या किलोचा हा हिशेब! चुनखडीच्या जमिनीत तर जस्त असूनही मुळांना मिळत नाही. संत्र्याची पाने बारीक, पिवळी पडतात. पण लोह कमी पडले तरी पान पिवळे, पाणी साचले तरी पिवळे. दुकानदार मात्र पान पाहूनच पिशवी काढतो. नुसत्या डोळ्यांनी निदान करण्यात आम्ही कृषी पदवीधरही त्याच्यापेक्षा फार शहाणे नाही.

मग मृदा आरोग्य पत्रिका? २०१५ च्या त्या योजनेत ओलिताखाली अडीच हेक्टरला एक नमुना ठरला, कोरडवाहूत दहा हेक्टरला. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. माती एकाची, आकडा सगळ्यांचा! गावाचा अंदाज घ्यायला हे ठीक. झिंक विकत घ्यायचे की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही. देशाच्या मातीचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच नागपुरात आहे, पण धुऱ्याच्या आतले सर्वेक्षण आपल्यालाच करावे लागेल.

वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची वीतभर खोल माती घ्या. धुऱ्याजवळची, शेणखताच्या ढिगाजवळची नको. जस्ती बादली, जस्ती घमेले अजिबात नको. भांड्याचेच जस्त मोजले जाते. आमच्याकडून एकदा हे झाले आहे. ज्या वावराला झिंक हवे होते, त्याच्याच कागदावर ते भरपूर आले! प्लास्टिकचे टोपले, बांबूची कामटी वापरा. माती सावलीत वाळवून अर्धा किलो द्या आणि पावतीवर ‘सूक्ष्म अन्नद्रव्यांसह’ असे लिहून घ्या, नाहीतर नत्र-स्फुरद-पालाशावर बोळवण होते.

पुढच्या बैठकीला येताना दोन्ही कागद आणा, पत्रिकेचा आणि आपल्या मातीचा. समोरासमोर ठेवून पाहू.