विकत घेतलेले महानायक

(मरोळ येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या करमणुकीचा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या बैठकीत कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या जागी हॉटेले आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या राहत असताना, घराचा, पाण्याचा आणि कंत्राटी मजुरीचा प्रश्न दाराशी उभा असताना, सुपरहीरोंची चर्चा ही चैन वाटेल. परंतु ज्या गोष्टीसाठी भांडवलदार अब्जावधी डॉलर मोजतो, ती गोष्ट पोरखेळ म्हणून सोडून देणे श्रमिकांच्या चळवळीला परवडणारे नाही. नफ्याचा माग काढत गेले की शोषणाचा पत्ता सापडतो, हा नियम बाहुल्यांच्या आणि मुखवट्यांच्या धंद्यालाही लागू आहे.

प्रथम व्यवहार समजून घेतला पाहिजे. ३१ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेच्या डिस्ने कंपनीने मार्व्हल ही चित्रकथांची कंपनी सुमारे ४ अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले आणि त्या वर्षअखेरीस व्यवहार पुरा झाला. या खरेदीत कारखाने नव्हते, खाणी नव्हत्या, शेतजमीन नव्हती. हजारो काल्पनिक पात्रे होती. आयर्न मॅन, थॉर, हल्क, कॅप्टन अमेरिका ही त्यांतील ठळक नावे. चित्रपटाच्या पाठोपाठ ही पात्रे कौटुंबिक करमणूक उद्यानांत उतरविण्यात आली. हाँगकाँगमध्ये २०१७ च्या जानेवारीत आयर्न मॅनची सफर सुरू झाली, कॅलिफोर्नियात २०२१ साली आणि पॅरिसजवळ २०२२ साली या महानायकांचे स्वतंत्र विभाग उघडले. चित्रपट एकदा पाहून होतो; उद्यानात मात्र प्रवेशाचे पैसे, खाण्याचे पैसे, टोपीचे आणि खेळण्याचे पैसे असा एकाच पात्रावर पुनःपुन्हा कर बसविता येतो.

या व्यवहाराची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मार्व्हलने १९९४ सालीच युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी कंपनीशी उद्यानांबाबत करार केला होता. त्या करारामुळे युनिव्हर्सलने फ्लोरिडातील आपल्या उद्यानात वापरलेली पात्रे मिसिसिपी नदीच्या पूर्वेस दुसऱ्या कोणाला उद्यानात आणता येत नाहीत. डिस्नेचे सर्वांत मोठे उद्यान याच फ्लोरिडात आहे. म्हणजे कंपनी विकत घेऊनही नव्या मालकाला आपल्याच घरात त्या पात्रांना बोलाविता आले नाही. करारातून सुटलेली काही पात्रेच त्याला तेथे वापरता आली. आकाश पालथे घालणारे हे वीर एक नदी ओलांडू शकत नाहीत, कारण वकिलांनी तशी रेघ ओढली आहे. महानायकाचे खरे सामर्थ्य त्याच्या बाहूंत नसून मालकीच्या दस्तऐवजात असते, हे भांडवलशाहीने स्वतःच्याच हाताने दाखवून दिले आहे.

हा सारा व्यवहार दूरच्या देशातील आहे, असे समजण्याचे कारण नाही. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली ‘अमर चित्रकथा’ आणि १९८० साली निघालेले ‘टिंकल’ ही इंडिया बुक हाऊसची प्रकाशने २००७ साली एसीके मीडिया या नव्या कंपनीने घेतली. पुढे तीही फ्यूचर या किरकोळ विक्रीच्या धंद्यातील समूहाकडे गेली. काही वर्षे या पुस्तकांवर प्रकाशकाचा पत्ता मरोळ-मरोशी रस्त्याचा छापलेला असे. ज्या रस्त्याने पाळी संपवून कामगार घरी परततो, त्याच रस्त्यावर त्याच्या मुलाच्या कृष्णाचा, शिवाजीचा, सुपंडीचा आणि शिकारी शंभूचा हिशेब ठेवला जात होता.

इमॅजिका हे रायगड जिल्ह्यातील खोपोलीजवळचे उद्यान २०१३ साली सुरू झाले. तेथे १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटावरची सफर आली आणि छोटा भीमही आला. उद्यान कर्जाच्या ओझ्याखाली दबल्यावर २०२२ साली त्याचा ताबा संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला. मालक बदलतात, कर्जे फिरतात; मुलांना त्यातले काही दिसत नाही. त्यांना भीम दिसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हे वीर आले कोठून? थॉर हा उत्तर युरोपातील शेतकऱ्यांचा आणि दर्यावर्दींचा मेघगर्जनेचा देव. शेकडो वर्षे त्याच्या कथा लोकांनी चुलीभोवती सांगितल्या. १९६२ साली तो मार्व्हलच्या चित्रकथेत आला आणि त्या रूपापुरता कंपनीची मालमत्ता झाला. भीम हा महाभारतातला. कीर्तनकाराने, शाहिराने, दशावतारी नटाने आणि आजीने तो घडविला. त्याच्या गदेवर कोणाची मक्तेदारी नव्हती. मरोळला लागून असलेल्या आरेच्या जंगलातील पाड्यांवर आजही वाघोबा पूजला जातो, त्याच्या गोष्टी सांगितल्या जातात आणि त्यासाठी कोणाकडून परवाना घ्यावा लागत नाही. हे लोकांचे कल्पनेचे गायरान आहे. गावाच्या गायरानाला ज्या रीतीने कुंपण पडते, त्याच रीतीने या गायरानालाही पडते: आधी कोणी कष्टाने एक कोपरा फुलवितो, मग दुसरा कोणी त्याभोवती तार ओढतो आणि शेवटी फाटकावर तिकीट विकणारा तिसराच असतो.

कोपरा फुलविणाऱ्याचे काय होते, याचा इतिहास नोंदलेला आहे. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सारे हक्क १३० डॉलरना विकले. त्या पात्रावर प्रकाशकांनी अपार संपत्ती मिळविली आणि हे दोघे उतारवयात विपन्नावस्थेला पोचले. सुपरमॅनवर मोठा चित्रपट येऊ घातला असता १९७५ साली नील ॲडम्स प्रभृती व्यंगचित्रकारांनी त्यांच्यासाठी जाहीर मोहीम उभारली. तेव्हा कोठे कंपनीने प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलरची तनखावजा रक्कम आणि पात्रावर निर्माते म्हणून नाव देण्याचे मान्य केले. न्यायालयांनी जे नाकारले होते, ते सहकाऱ्यांच्या एकजुटीने मिळविले.

मार्व्हलच्या बाबतीत जॅक कर्बी या चित्रकाराची कथा अशीच आहे. कॅप्टन अमेरिका त्याने जो सायमनबरोबर निर्माण केला. हल्क, थॉर आणि अन्य कित्येक पात्रे स्टॅन लीबरोबर. मोबदला पानामागे ठरलेल्या दराने मिळे. १९९४ साली तो वारला. २००९ साली, कंपनीच्या खरेदीची घोषणा झाली त्याच सुमारास, त्याच्या मुलांनी हक्क परत मागितले. कर्बीने ते काम कंपनीच्या सांगण्यावरून आणि कंपनीच्या खर्चाने केले, सबब ते कंपनीचे, असा निकाल वरिष्ठ न्यायालयाने २०१३ साली दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या उंबरठ्यावर असताना २०१४ साली तडजोड झाली. ‘मालकाच्या सांगण्यावरून आणि मालकाच्या खर्चाने’ हे शब्द गिरणी कामगारांना नवे नाहीत. सारे कापड याच सूत्राने मालकाचे होत असे.

मराठी चित्रकारांचा वाटा या क्षेत्रात मोठा आहे. ‘अमर चित्रकथे’तील कृष्ण आणि ‘टिंकल’मधील सुपंडी राम वाईरकरांच्या कुंचल्यातून उतरले, सुपंडीच्या गोष्टी मुळात तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठविल्या होत्या. शिकारी शंभूचे रूप वसंत हळबे यांचे. हिंदी मुलुखात घरोघरी पोचलेल्या नागराज या महानायकाची १९८६ पासूनची आरंभीची चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढली. अशा चित्रकारांना भारतातील कायदा काय देतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. नियतकालिकाच्या नोकरीत असलेल्या लेखक-चित्रकाराला कायद्याने थोडी सूट आहे: मालकाचा हक्क नियतकालिकांतील प्रसिद्धीपुरता, बाकीचे हक्क निर्मात्याचे. परंतु तीही ‘विरुद्ध करार नसेल तर’. नोकरीची गरज असलेल्या माणसापुढे तो विरुद्ध करार पहिल्याच दिवशी सहीसाठी ठेवला, तर त्याने काय करावे?

२०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातील गीतकार आणि संगीतकार यांना मानधनाचा असा वाटा मिळाला की जो त्यांना करारानेही सोडून देता येत नाही. हा विजय महत्त्वाचा आहे, कारण गरजू माणसाची सही ही स्वतंत्र संमती नव्हे, हे तत्त्व संसदेने त्यात मान्य केले. परंतु चित्रकार या संरक्षणाच्या बाहेर राहिला. त्याने काढलेला वीर पुस्तकातून पडद्यावर, पडद्यावरून दप्तरावर आणि दप्तरावरून उद्यानाच्या कमानीवर गेला, तरी कमानीखालून जाणाऱ्या गर्दीचा एक पैसाही त्याला मिळावा, अशी सक्ती कायद्यात नाही.

चित्रकारानंतर दुसरा श्रमिक म्हणजे तो मुखवटा अंगावर घालणारा. उद्यानात मूल ज्याला मिठी मारते, तो महानायक नसतो. जड पोशाखात घामाने निथळणारा, बोलण्याची मनाई असलेला तरुण किंवा तरुणी असते. कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या उद्यानांत पात्रांची सोंगे घेणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या कलावंतांनी २०२४ च्या मे महिन्यात मतदान करून संघटना निवडली. बाजूने ९५३ मते पडली आणि विरुद्ध २५८. वेतन, कामाच्या वेळा, पोशाखांची स्वच्छता आणि गर्दीत होणाऱ्या दुखापती हे त्यांचे प्रश्न होते. त्याच उद्यानांतील कामगारांच्या २०१८ च्या एका पाहणीत, दर दहांपैकी एकाहून अधिक कामगारांनी मागील दोन वर्षांत कधी ना कधी बेघर राहावे लागल्याचे सांगितले होते. जगातील सर्वांत आनंदी ठिकाण म्हणून ज्याची जाहिरात होते, तेथील ही स्थिती.

भारतात हा वर्ग अधिकच विखुरलेला आहे. मॉलच्या दारात, वाढदिवसाच्या समारंभात, उद्यानाच्या फाटकाशी रोजंदारीवर सोंग घेऊन उभे राहणाऱ्यांची गणती कोणी ठेवत नाही. कंत्राटी कामगारांविषयीच्या केंद्रीय कायद्यातील २० कामगारांची मर्यादा २०२० च्या संहितेने ५० वर नेली. म्हणजे ४९ सोंगे पुरविणारा ठेकेदार त्या तरतुदींतून मोकळा.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. मुलांना आनंद मिळतो. तो हिरावून घेण्याचा अधिकार कोणाला? उत्तर स्पष्ट आहे: कोणालाही नाही. वेताळाच्या चित्रकथा चोरून वाचणाऱ्या पिढ्या महाराष्ट्रात वाढल्या आणि त्यांतून चांगले कार्यकर्तेही निपजले. ‘टिंकल’ने २०१५ साली मिझोरमच्या एका शाळकरी मुलीला महानायिका केले, ही कल्पना तर कोणत्याही समाजवाद्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. वीरकथेत अन्यायाचा प्रतिकार असतो, दुर्बलाची बाजू असते. म्हणूनच ती मुलाला भावते. विरोध वीराला नाही, फाटकाला आहे. मरोळमधील कंत्राटी कामगाराने चौघांच्या कुटुंबाचा प्रवास, प्रवेश आणि आतले खाणे यांची बेरीज केली, तर त्याची अनेक दिवसांची मजुरी एका दिवसात संपते. त्याच्या मुलाचे प्रेम मात्र दूरचित्रवाणीने आधीच मिळविलेले असते. ज्या प्रेमाच्या बळावर पात्राची किंमत अब्जांत ठरते, तेच प्रेम फाटकाबाहेर उभे राहते.

यातून कामाच्या तीन दिशा निघतात. पहिली, चित्रकार आणि चित्रकथालेखक यांनाही २०१२ च्या दुरुस्तीसारखा, सोडून न देता येणारा वाटा मिळावा. पात्र पुस्तकाबाहेर जेथे जेथे पैसा मिळवील, तेथे तेथे. दुसरी, उद्यानांतील आणि मॉलमधील सोंगे घेणाऱ्या कलावंतांना कामगार म्हणून नोंदवून त्यांची संघटना बांधावी. हे काम उपनगरांतील युनियनांनी हाती घेण्यासारखे आहे. तिसरी, महापालिकेच्या प्रत्येक बागेत, मैदानात आणि शाळेत मुलांसाठी फुकट आणि चांगली करमणूक असावी, आणि मोकळ्या जागांवरील प्रत्येक अतिक्रमण, मग ते झोपडीदादाचे असो वा विकासकाचे, नगरसेवकाला जाब विचारून हटविले जावे.

प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजींच्या नावाने कथामाला उभी केली, ती अशाच विश्वासावर की गोष्ट सांगण्यासाठी भांडवल लागत नाही. सांगणारा लागतो आणि ऐकणारे लागतात. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी आणि कलापथकांनी हेच केले. ती परंपरा थकली असेल, पण तिची गरज संपलेली नाही. मरोळच्या चाळींत आणि आरेच्या पाड्यांवर आठवड्यातून एक संध्याकाळ गोष्टींची ठेवणे ही कोणत्याही शाखेच्या आवाक्यातली गोष्ट आहे. भीम, वाघोबा आणि मिझोरमची ती मुलगी एकाच सतरंजीवर बसू शकतात. तेथे तिकीट नसेल, आणि सांगणारा कोण, हे मुलांना माहीत असेल.