कवितेचे पुस्तक विकत घ्या
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्हाला नेहमी विचारतात, "तुम्ही कवितेची पुस्तके छापता, त्यातून मिळते काय?" खरे सांगतो, पैसा मिळत नाही. सोळा पानांचा एक फर्मा, असे चार फर्मे म्हणजे चौसष्ट पानांचे पुस्तक. प्रती काढतो तीनशे. छापखान्याला पैसे आगाऊ द्यावे लागतात, ते घरखर्चातून जातात. एका विक्रेत्याने पन्नास प्रती नेल्या, त्याचा रुपया अजून आलेला नाही. उरलेले गठ्ठे खाटेखाली. आपल्या किनाऱ्याची खारी, दमट हवा. एका पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, वाळवी लागते ती निराळीच.

मग हा उद्योग कशाला? बंधुभगिनींनो, ही वाट आपल्याच जिल्ह्यातून गेली आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि 3 एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू केले. त्याचे रकानेच्या रकाने ते एकट्याने लिहीत. तरी पैशाची ओढाताण सुटली नाही. 1929 साली ते पत्र बंद पडले. पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' कित्येक दशके चालविले. त्यातून किती कवी पुढे आले!

आमच्या शेजारी एक आजी होत्या. अक्षरओळख नाही, पण जात्यावर बसल्या की भीमाच्या ओव्या सुरू. नातीने वीस ओव्या वहीत उतरवून घेतल्या, त्या आम्ही छापल्या. बाकीच्या आजींबरोबर गेल्या. अशा आजी तुमच्याही घरात असतील. त्यांचे शब्द कोण मोठा प्रकाशक येऊन छापणार आहे?

म्हणून एवढेच मागणे आहे. पुस्तक फुकट मागू नका, विकत घ्या. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आपली माणसे पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घेतात, तीच सवय वस्तीत लावू या. मंगल परिणयात आहेराबरोबर एक पुस्तक द्या. शंभर घरांनी किंमत आधी भरली, तर छापखान्याची आगाऊ रक्कम उभी राहते. आणि विहारात एक कोरडे कपाट द्या, म्हणजे गठ्ठे खाटेखालून बाहेर येतील.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ आज रात्रीच वही घेऊन बसा. छापायचे आम्ही बघतो.

नमो बुद्धाय! जयभीम!