स्वाती डोक्यावर आली की घर आलं

 

आज आपण फार लांब जाणार आहोत. प्रशांत महासागरात, शिडाच्या नावेतून, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर. आपल्यातल्या कितीतरी जणींनी समुद्र पाहिलेला नाही. तरी या गोष्टीत ओळखीचं बरंच काही भेटेल.

हवाई आणि ताहिती ही भर समुद्रातली बेटं. दोन्हींमध्ये सुमारे ४००० किलोमीटर पाणी. शेकडो वर्षांपूर्वी पॉलिनेशियन लोक दोन लांब होड्या शेजारी शेजारी बांधून, वर फळ्या टाकून, बायकापोरांसह नव्या बेटांवर राहायला गेले. शीड केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांचं, चटईसारखं विणलेलं. आणि सामान काय? अळूचे कंद, उसाचं बेणं, केळीचे मुनवे, हळदीचे गड्डे, नारळ, कोंबड्या, डुकरं. नवा संसार मांडायला निघालेली बाई बांधून घेईल तेच! त्यांच्या नीरफणसाला बी नसतं. मुळांना फुटलेली रोपं न्यायची आणि ती खाऱ्या पाण्यापासून जपायची. वाटेत जळली, तर नव्या बेटावर फणस नाही.

वाट कशी सापडायची? होकायंत्र नाही, नकाशा नाही. कोणता तारा कुठे उगवतो, कुठे मावळतो, हे तोंडपाठ. आभाळ भरून आलं तर नाव कशी डुलते त्यावरून लाटेची दिशा ओळखायची. काही पक्षी सकाळी मासे धरायला समुद्रावर जातात आणि दिवेलागणीला घरट्याकडे वळतात. ते ज्या बाजूला उडतील, तिकडे बेट. इतर ढग वाऱ्याबरोबर पुढे जातात, बेटावरचा ढग जागीच थांबतो. हीसुद्धा खूणच.

आणि एक खूण आपल्या स्वातीची. स्वातीचा तारा हवाई बेटांच्या बरोबर माथ्यावरून जातो. ताहितीच्या माथ्यावरून जातो तो व्याध. म्हणजे स्वाती डोक्यावर आली की हवाईच्या रेषेत पोचलो, असा हिशेब. आपला महाराष्ट्रही विषुववृत्तापासून जवळपास तितकाच उत्तरेला आहे. म्हणून मे महिन्याच्या अखेरीला, रात्री दहाच्या सुमारास अंगणात उभ्या राहा. जवळजवळ डोक्यावर केशरी झाक असलेला ठळक तारा दिसेल. तोच तो.

पुढे हवाईत हे लांबचे प्रवास बंद पडले. कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे जाणती माणसं गेली आणि विद्याही गेली. मग काही विद्वान म्हणू लागले, हे लोक वाट काढत आलेच नसतील, वाऱ्यानं भरकटत आले असतील. हे ऐकून तिथल्या लोकांनी १९७५ मध्ये जुन्या घडणीची नाव बांधली. तिचं नाव होकुलेआ, म्हणजे आनंदाचा तारा. हे स्वातीचंच त्यांच्याकडचं नाव!

नाव झाली, पण वाट दाखवणार कोण? हवाईत जुन्या रीतीनं वाट काढणारा कुणी उरला नव्हता. शेवटी हजारो किलोमीटर लांबच्या सातावाल या चिमुकल्या बेटावरचे माउ पियाइलुग आले. लहानपणी आजोबांनी त्यांना गोल मांडलेल्या खड्यांवरून तारे शिकवले होते आणि पाण्यात बसवून लाटा ओळखायला लावल्या होते. १९७६ च्या मे महिन्यात होकुलेआ हवाईहून निघाली. सुमारे महिनाभरानं ती ताहितीला लागली, तेव्हा किनाऱ्यावर हजारो लोक जमले होते.

पण १९७८ च्या दुसऱ्या सफरीत माउ बरोबर नव्हते. वादळी समुद्रात नाव उलटली. एडी ऐकाऊ हा तरुण मदत आणायला फळीवरून निघाला, तो कधीच परतला नाही.

त्यानंतर माउ पुन्हा हवाईत आले आणि शिकवायला बसले. ही विद्या घराण्याबाहेर द्यायची नाही, अशी रीत होती. त्यांच्याकडच्या काहींना हे रुचलं नाही. पण खुद्द सातावालची पोरं ती शिकेनाशी झाली होती. रीत पाळावी तर विद्या जाणार, विद्या राखावी तर रीत मोडणार. माउंनी विद्या राखली. १९८० मध्ये त्यांचा शिष्य नाइनोआ थॉम्पसन कोणत्याही यंत्राशिवाय ताहितीला जाऊन परत आला. माउ २०१० मध्ये गेले. आज होकुलेआवर बायकाही वाट दाखवतात.

मैत्रिणींनो, आपल्या गावातही अशी एखादी आजी असते. कोणतं बियाणं राखेत ठेवायचं, कोणती रानभाजी कधी खुडायची, बाळंतिणीला काय द्यायचं, हे तिला ठाऊक असतं. सून नोकरीला, नात शहरात. मग ते शिकणार कोण? ती आजी आपल्या घरातली नसली तरी चालेल. पुढच्या बैठकीला तिला बोलवा, शेजारी एक-दोन मुली बसवा आणि तिला हातानं करून दाखवायला सांगा. लिहिता येणारीनं वहीत लिहून घ्या. काय काय मिळालं, ते आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात आम्ही ते तुमच्याच आवाजात ऐकवू.