राखून ठेवलेला हिशेब



या व्यासपीठावर विद्वान येतात. आम्ही पडलो कामगार-चळवळीतले. आमची शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तरीही आज संगणकाच्या एका व्यवहाराविषयी बोलणार आहोत, कारण त्यापायी आमच्याच एका कामगाराच्या पदरी कमी पैसे पडले.

किमान वेतन सांगणारे एक वेब ॲप्लिकेशन आमच्या युनियनने करून घेतले. धंदा, परिमंडळ आणि कामगाराची श्रेणी सांगितली, की मूळ दर व विशेष भत्ता मिळून किती होतात ते दिसे. आता वेबचा सर्व्हर स्वभावानेच विसराळू. एका विनंतीला उत्तर दिले, की त्याच्या लेखी ती संपली. दुसऱ्याने तेच विचारले तर पुन्हा दप्तरे काढायची, पुन्हा तीच बेरीज करायची. पाळी सुटली की सारे एकदम विचारीत आणि सर्व्हर हटून बसे.

म्हणून एकदा केलेला हिशेब राखून ठेवतात. त्याला कॅश म्हणतात. पगाराच्या पाकिटातली कॅश ती निराळी! हा हिशेब प्रोग्रॅमने स्वतःच्याच स्मृतीत ठेवला, तर तो बंद पडताच हिशेबही जातो. आणि चार प्रोग्रॅम एकदम राबत असले, तर चौघांच्या चार वह्या होतात. यावर उपाय म्हणजे सर्वांचे सामाईक कपाट. असे एक कपाट, मेमकॅशडी, ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली केले. साल्वातोरे सानफिलिप्पो यांचे रेडिस २००९ सालचे. प्रत्येक चिठ्ठीवर एक खूण घालायची, आणि हवी तर मुदतही.

आमची चूक येथेच झाली. महाराष्ट्रात हा विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकानुसार १ जानेवारीला आणि १ जुलैला बदलत आला आहे. जुलैचे दर आम्ही दप्तरात नोंदवले. पण कपाटात चिठ्ठी जूनचीच राहिली, कारण तिला मुदतच घातली नव्हती. मालकाने जुन्या दराने पगार दिला. कामगाराने आमचा आकडा पाहिला, तो जुळला, आणि बिचाऱ्याने मुकाट्याने सही केली. चूक मालकाची होती. साक्ष मात्र तिला आमची मिळाली. फरकाची रक्कम पुढे मिळवून दिली, पण लाज वाटायची ती वाटलीच.

आता आम्ही चार नियम पाळतो. दर बदलला, की जुनी चिठ्ठी त्याच क्षणी फाडायची. एखादी नजरेतून सुटली तर तीही आपोआप बाद व्हावी, म्हणून प्रत्येकीला मुदत घालायची. खुणेत धंदा, परिमंडळ आणि श्रेणी यांबरोबर दर लागू झाल्याची तारीखही लिहायची. आणि एका माणसाचा खाजगी पगार सर्वांच्या खुणेखाली कधीही ठेवायचा नाही. नाहीतर रामाचा पगार गोविंदाला दिसायचा.

कोणी म्हणेल, मग राखून ठेवताच कशाला? कारण रांगेत ताटकळणारा माणूसही आमचाच आहे. त्याला उत्तर लवकर मिळाले पाहिजे, आणि खरेही मिळाले पाहिजे.

तेव्हा मंडळी, पडद्यावर आकडा दिसला, की तो कोणत्या तारखेचा हे आधी विचारा. आमच्या कामगाराने ते विचारले नाही, आणि आम्हीही ते सांगितले नव्हते. आता उत्तराखाली ती तारीख आम्ही ठळक छापतो.