न वाचणाऱ्या मुलाची डायरी

(वासंतिक व्याख्यानमालेत गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेचे दुसरे पुष्प गुंफण्यासाठी मी जो विषय घेतला आहे, तो मुलांचा आहे: आठ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली विनोदी डायरी. तरी तो मोठ्यांसमोर मांडायचा, कारण मुलाच्या हातात पुस्तक पडते ते मोठ्यांच्या हातून. आणि पुस्तक हातातून सुटते तेव्हाही त्यात मोठ्यांचा थोडाफार वाटा असतोच.

न वाचणारी मुले दोन प्रकारची. एकाला वाचता येत नाही, दुसऱ्याला येते पण तो वाचत नाही. पहिल्याची काळजी आपण घेतो. 2005 पासून ग्रामीण मुलांच्या वाचनाची 'असर' ही पाहणी होते. त्यात मुलासमोर आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद ठेवतात; तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर शब्द, मग अक्षरे. गोष्ट वाचली की मूल पास. पण पास झालेला तो मुलगा घरी जाऊन दुसरी गोष्ट उघडतो का, हे ती पाहणी विचारत नाही. माझा आजचा नायक हाच. त्याला वाचता येते. धडा वाच म्हटले की खडखडीत वाचतो. घंटा झाली की पुस्तक दप्तरात जाते, ते दुसऱ्या दिवशी सरांनी सांगेपर्यंत बाहेर येत नाही.

याला आपण आळशी म्हणतो. मोबाईलच्या नावाने बोटे मोडतो. पण हाच मुलगा दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गेला की काय करतो ते आठवा. धानाची कापणी होते, गावोगाव मंडई भरते, दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये रंगतात, झाडीपट्टीच्या नाटकांचे मंडप पडतात. हा पोरगा चादर गुंडाळून रात्रभर बसतो. विनोदी पात्र मंचावर आले की गडाबडा लोळतो आणि पुढचे चार दिवस त्याच्या नकला करत हिंडतो. म्हणजे गोष्टीचा कंटाळा त्याला नाही. लांब वाक्यांचा नाही, लांब रात्रीचाही नाही. मग छापलेल्या गोष्टीनेच त्याचे काय घोडे मारले?

माझे उत्तर असे आहे. वर्गात या मुलाचे स्थान कायम खालचे असते. सरांना जास्त कळते, पुस्तकाला जास्त कळते, पहिल्या बाकावरच्या मुलीला तर सगळेच कळते. पुस्तक उघडले की पुन्हा कुणीतरी शहाणा त्याला शिकवायला उभा. गोष्टीतला नायकसुद्धा धाडसी, हुशार, परोपकारी. शेवटी तात्पर्य. मंडपात मात्र उलटे घडते. मंचावरच्या वेंधळ्याला जे कळत नाही, ते खाली बसलेल्या या पोराला आधी कळते. त्या क्षणी तो शहाणा असतो. विनोदी डायरी हीच जागा त्याला कागदावर देते. डायरी लिहिणाऱ्या पात्राला जेवढे कळते, त्याहून वाचणाऱ्याला जास्त कळते. या प्रकाराची सगळी कळ इथे आहे.

नुसते बोलून हे पटणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सहावीच्या एका काल्पनिक मुलाच्या डायरीतली एक नोंद मी तयार केली आहे, ती ऐका.

'सोमवार. सर म्हणाले, सुट्टीत रोज डायरी लिहा, खरं लिहा. मी रोज लिहिणार आहे, पण रोज काही होत नाही. आज पहाटे आजीसंग तेंदूपत्ता तोडाले गेलो. 70 पानांचा एक पुडा. माझे पुडे आजीहून भरभर झाले. मंग आजीनं माझा एक पुडा सोडला अन् मोजला. 63 निघाले. आजी म्हणाली, तुझ्या सरानं तुले हेच शिकवलं का? मी म्हटलं, नाही, सरानं 70 पर्यंत शिकवलं होतं, 63 मी स्वतःच्या मनानं केलं. आजी कायले चिडली, समजलं नाही. स्वावलंबनावर निबंध लिहिला तेव्हा तर मला शाबासकी भेटली होती.'

आपण हसलात. आता आपण काय काय केलेत ते मोजू. सत्तरातून त्रेसष्ट वजा केले. पोराचे पुडे भरभर का होत होते, हे नोंदीत कुठेही लिहिलेले नाही, तरी ते आपण ओळखले. आजीला राग का आला, हे पोराला समजले नाही, आपल्याला समजले. त्याने निबंधाचा दाखला देऊन आपली लबाडी झाकली, आणि ती झाकताना आणखी उघडी पडली. ओळींच्या मधले वाचणे म्हणतात ते हेच. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत यालाच आपण 'उताऱ्यावरून अनुमान काढा' म्हणतो आणि दोन गुण देतो. इथे मुलगा तेच काम गुणांशिवाय करतो, आणि हसतो म्हणजे त्याला ते जमले.

शिवाय नोंद संपली. वर वार होता, खाली पूर्णविराम आला. ज्याला तीस पानांच्या प्रकरणाची धास्ती वाटते, त्याला डायरी दर पानावर थांबायची मुभा देते. आणि थांबायची मुभा असली की माणूस पुढचे पान उलटून बघतोच.

आपल्या मराठीला हे तंत्र परके नाही. बडोद्यात राहून पाली भाषेचा अभ्यास करणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणराव निर्माण केला. तो आपली फजिती आपल्याच तोंडाने, पुरत्या गांभीर्याने सांगतो, आणि म्हणूनच आपण हसतो. दूरदर्शनवर हा चिमणराव ज्यांनी उभा केला, त्या दिलीप प्रभावळकरांनी पुढे 'लोकसत्ते'त 'अनुदिनी' हे सदर लिहिले. टिपरे नावाच्या कुटुंबातली माणसे आपापल्या रोजनिश्या लिहितात, अशी त्याची बांधणी. आजोबांचे जग वेगळे, नातवाचे वेगळे. प्रत्येकाला वाटते की घरात शहाणा काय तो मीच. सगळ्यांच्या वह्या आपल्या हातात असल्याने खरे काय ते एकट्या वाचकाला कळते. 2001 साली त्यावर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली. भागाच्या शेवटी आबा डायरी लिहायला बसत, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. विनोदी रोजनिशीचा इतका नेटका नमुना आपल्याकडे आहे, पण तो कुटुंबासाठी, मोठ्यांच्या वर्तमानपत्रात आला.

मुलांच्या कपाटात नायक थोडे नाहीत. ना. धों. ताम्हणकरांचा गोट्या आहे, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बन्या ऊर्फ फास्टर फेणे आहे. प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे तर साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारापर्यंत पोचला. ही पोरे खोडकर आहेत, लाडकी आहेत. पण बोक्या काय किंवा बन्या काय, शेवटी कर्तबगार. त्यांच्या हातून काहीतरी भले होते. प्रकाश संतांचा लंपन मात्र स्वतः बोलतो. 'वनवास'मधला हा मुलगा मराठी-कानडी सीमेवरच्या गावात राहतो, तिथल्या वळणाची मराठी बोलतो, आणि त्याला उमगत नाही ते आपल्याला उमगते. तेही पुस्तक मोठ्यांनीच जास्त वाचले. चिमणराव, टिपरे, लंपन: तंत्र घरात आहे, पण मुलांच्या खोलीत ते फारसे पोचलेले नाही.

बंगालने हे काम केव्हाच केले. सुकुमार राय यांनी 'संदेश' या मुलांच्या मासिकात हेशोराम हुशियार नावाच्या संशोधकाची डायरी लिहिली. तो गंभीर चेहऱ्याने अशक्य प्राण्यांच्या नोंदी करतो. त्यांचे चिरंजीव सत्यजित राय यांनी 1961 साली 'संदेश' पुन्हा सुरू झाल्यावर प्रोफेसर शोंकूची पहिली कथा लिहिली, तीही डायरीच. इंग्लंडमध्ये 1982 साली स्यू टाउनसेंड यांचा एड्रियन मोल आला. आणि 2007 साली अमेरिकेत जेफ किनी यांचे 'डायरी ऑफ अ विम्पी किड' छापून निघाले. हस्ताक्षरासारखी अक्षरे, रेघांच्या वहीची पाने, काड्यांची माणसे. गंमत अशी, की किनी हे पुस्तक मोठ्यांसाठी लिहीत होते, बालपण आठवणाऱ्यांसाठी. हे मुलांचे पुस्तक आहे असे प्रकाशकांनी ठरवले, आणि जगभरची न वाचणारी पोरे त्यावर तुटून पडली. असा निर्णय आपल्याकडे 'अनुदिनी'नंतर फारसा कुणी घेतला नाही, ही माझी तक्रार आहे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप पालकांचा: असा नायक लबाड, स्वार्थी, आळशी, मुले यातून काय शिकणार? मी म्हणतो, त्रेसष्ट पानांचा पुडा ऐकून आपल्यापैकी कुणाला उद्या पाने चोरावीशी वाटली? आपण त्या पोराला हसलो, म्हणजे पुडा सत्तराचाच हवा हे मान्य करूनच हसलो. नीती ठाऊक नसलेल्याला या विनोदाचे हसूच येणार नाही. फक्त ती नीती लेखकाने सांगितली नाही, वाचणाऱ्याने आपल्या घरून आणली.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा: चित्रेच जास्त, हे वाचन कसले? इथे मी थोडा त्यांच्या बाजूचा आहे. चित्र नुसते शोभेला असेल तर ते वाया. पण नोंदीत लिहिले आहे 'मी अजिबात घाबरलो नाही' आणि बाजूच्या चित्रात पोरगा बाभळीवर चढून बसला आहे, तर मुलाला दोन साक्षी पडताळून खरे कोण ते ठरवावे लागते. हे सोपे वाचन नव्हे. बाजारात असल्या डायऱ्यांच्या नकलाही पुष्कळ आहेत, ज्यांत चार वेळा 'अर्रर्र' आणि दोन वेळा 'धप्प' याखेरीज काही नाही. त्या मुलांनाच कंटाळवाण्या वाटतात, आपण बंदी घालायची गरज नाही.

तिसरा आक्षेप भाषेचा, आणि गोंदियात तो सर्वांत मोठा. 1999 साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा, तालुके आठ. या आठ तालुक्यांतल्या घरांत झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी, हलबी, छत्तीसगढी आणि हिंदी आहे. सालेकसा-देवरीकडच्या मुलाला पाठ्यपुस्तकातली मराठी ही घरच्या भाषेनंतरची दुसरी, कधी तिसरी भाषा. तो अडखळतो तेव्हा त्याला शब्दच परका असतो, आणि आपण त्यावर कंटाळ्याचा शिक्का मारतो. कादंबरीचा निवेदक प्रमाण मराठीत बोलतो, कारण तो लेखक असतो. डायरी लिहिणारा सहावीतला पोरगा असतो, म्हणून तो 'मले' आणि 'तुले' लिहू शकतो, एखाद्या ओळीत आजीचे पोवारी वाक्य जसेच्या तसे उतरवू शकतो. पुस्तकात आपल्या आजीसारखी आजी बोलते, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला पुढची प्रमाण मराठीची पाने वाचायला एक कारण मिळते. झाडीबोलीच्या अभ्यासाचा आणि साहित्य संमेलनांचा पाया डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी घातलेला आहेच. त्यातले थोडे पाणी मुलांच्या बांधीत वळवायचे आहे.

विषयांना तोटा नाही. रोवण्याच्या दिवसांत चिखलात रुतलेली चप्पल, मोहफुले वेचताना लागलेली पैज, नवेगावबांधला गेलेली आणि जेवणाचे डबे विसरलेली सहल, नाटकात ऐनवेळी पोलीस झालेला मामा. मुंबई-पुण्याच्या सोसायटीतल्या लिफ्टची गंमत आमच्या पोरांना लांबून कळते. मामाची आतूनच कळते.

म्हणून मागण्या तीन, आणि तिन्ही इथे बसलेल्यांकडेच. ग्रंथपालांनी बालविभागाच्या कपाटाची किल्ली खिळ्यावर अडकवून ठेवू नये. फाटलेले पुस्तक हे वाचलेल्या पुस्तकाचे लक्षण मानावे. नवे घ्यायला पैसे कमी असतील तर बालभारतीचे 'किशोर' मासिक आहे. 1971 पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. शिक्षकांनी रोज एक नोंद, फक्त एक, मोठ्याने वाचून दाखवावी आणि रंगात आली की थांबावे. 15 ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन करतो, त्या दिवशी भाषणाऐवजी हे करावे. वाचून झाल्यावर 'यातून काय बोध घेतला' हा प्रश्न मात्र विचारू नये. तो प्रश्न आला की डायरीचा धडा होतो आणि पोरगा पुन्हा आपल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. आणि जिल्ह्यातल्या लेखकांनो, आपण कविता पुष्कळ लिहितो. एक डायरी लिहून पाहा. आधी पाचवीच्या वर्गाला ऐकवा. पोरे जिथे हसली नाहीत, तिथे खोडा.

आयोजकांनाही एक सूचना करतो. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तेव्हा उन्हाळ्यात मुलांना वेळ आहे. पुढच्या वर्षी या मालेतले एक पुष्प त्यांना द्या. त्यांनी आपापल्या वहीतल्या नोंदी इथे उभे राहून वाचाव्यात, बोलीत वाचाव्यात, आपण समोर बसून ऐकावे. शुद्धलेखन तपासायला कुणी बसू नये आणि बक्षिसाला पहिला-दुसरा नंबर काढू नये. त्या नोंदींत आपल्यापैकी काही जणांची फजिती निघेल, त्याची तयारी मात्र ठेवावी लागेल.